बिनवाक्याची भूमिका

राजेश टिपणीस टेक्ससमधल्या शुगर लँडहून निघाला तो ‘नाही’ म्हणायचं ठरवूनच. हार्टच्या पेशंटांना सांगतो तसं, शांतपणे, कारणं देऊन, पण नाही म्हणजे नाही. विमानात त्याने रूपालीला सगळं एकदा म्हणून दाखवलं. वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, वय ब्याण्णव. पेसमेकर बसवलेला. गेल्या मार्चमध्ये न्यूमोनियाने अकरा दिवस हॉस्पिटलात. आणि सिनेमाचं शूटिंग कुठे, तर ओहायोत, डब्लिनला, ऐन जानेवारीत. रूपाली म्हणाली, अगदी बरोबर आहे तुझं. नवऱ्याचं बरोबर आहे असं ती विमानात नेहमीच म्हणते, कारण दोन-अडीच तास शेजारीच बसायचं असतं.

चँडलरला बहिणीकडे, शोभनाताईकडे, थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण दरवर्षी शुक्रवारी व्हायचं, कारण ऐन सणाच्या गुरुवारी राजेशची हॉस्पिटलमध्ये ड्यूटी असायची. सणाच्या मानाची टर्की या घरात कधी शिजली नाही. ताईचं वालाचं बिरडं आणि तिचा नवरा विनय, मूळचा नागपूरचा, त्याचं सावजी मटण. ते खाताना डोळ्यांतून पाणी काढणं हेच पाहुण्यांनी मानायचे आभार. आई गेल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, आप्पा इथेच राहत होते. लॉस एंजेलिसचं घर बंद करून आले तेव्हा त्यांच्याबरोबर दोन बॅगा होत्या आणि एक नकली दाढ्यांचा डबा.

आप्पा एकोणीसशे चौपन्न साली इंजिनिअरिंग शिकायला लॉस एंजेलिसला आले. एका शनिवारी कुठल्याशा स्टुडिओला बाजाराच्या दृश्यासाठी सावळी माणसं कमी पडली, म्हणून कॉलेजच्या हॉस्टेलवर गाडी आली. आप्पा जेवण मिळतंय म्हणून गेले आणि सत्तावीस वर्षं परत आलेच नाहीत म्हणा ना. डिग्री घेतली, पण ती आईने कपाटात साड्यांखाली ठेवून दिली. एकसष्ट सिनेमे केले. अरब व्यापारी, मेक्सिकन दरोडेखोर, इजिप्तचा पुजारी, तिबेटचा लामा. रेड इंडियनांचा म्हातारा सरदार केला तेव्हा वय होतं एकोणतीस. साऱ्या जगाची माणसं करून झाली, मराठी माणूस तेवढा राहिला. नाव पडद्यावर यायचं ते शेवटून तिसरं. त्यातही अडतीस वेळा ते गोळी, भाला, विष किंवा वाळूचं वादळ यांपैकी कशाने तरी मेले. मेल्याची बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं आपल्याकडे म्हणतात. आई म्हणायची, या हिशेबाने हे मलाही पोचवून येणार. तसंच झालं.

आता डब्लिनमध्ये वाढलेल्या इशिता नावाच्या कुणा मुलीने आपल्या पहिल्या सिनेमासाठी त्यांना शोधून काढलं होतं. जुन्या सिनेमात पाहून तिने महाराष्ट्र मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर चौकशी केली, आणि आठ दिवसांत तिच्याकडे आप्पांचा पत्ता, फोन आणि त्यांना काय पथ्य आहे एवढं सगळं जमा झालं. काम दोन दिवसांचं. एका मराठी म्हाताऱ्याचं. वाक्य एकही नाही.

आप्पांनी तिचं पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि ताईला म्हणाले, “राजेश हो म्हणाला तर करीन.”

सगळे चाट पडले, राजेश सर्वांत जास्त. वयाच्या ऐंशीव्या वर्षी लाल रंगाची गाडी घेतली तेव्हा त्याला विचारलं नव्हतं. लॉस एंजेलिसचं घर सोडताना विचारलं नव्हतं. मग हेच का विचारावं? दातात अडकलेल्या मटणाच्या धाग्यासारखा हा प्रश्न त्याला तीन आठवडे सतावत होता.

जेवताना विषय कुणीच काढला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला जो तो दुसऱ्याकडे पाहत होता. विनय गेल्या आठवड्यात फोनवर पूर्णपणे राजेशच्या बाजूने होता, पण घरात बायको आणि सासरे दोघंही समोर असल्यावर त्याची बाजू जरा पातळ झाली. “मी काय म्हणतो,” असं तो दोनदा म्हणाला आणि पुढे काहीच म्हणाला नाही. रूपाली ताटं उचलायला स्वयंपाकघरात गेली. वीस मिनिटांनी बाहेर आली ती पक्ष बदलूनच.

“दोनच दिवसांचं तर काम आहे रे,” ती म्हणाली. “आपण तिथे एक नर्स अरेंज करू. हीटर असतातच की सेटवर.”

राजेशने तिच्याकडे नुसतं पाहिलं. दहा हजार मीटर उंचीवर दिलेला शब्द जमिनीवर इतका टिकला हेच पुष्कळ म्हणायचं. आप्पा मात्र निवांतपणे संत्रं सोलत बसले होते. चर्चा दुसऱ्याच कुणा म्हाताऱ्याची चालली असावी, इतके निवांत.

तेवढ्यात ताईचा मुलगा यश टीव्हीपाशी उभा राहिला. यश इथेच एका चिप कंपनीत इंजिनिअर. त्याने आजोबांसाठी सहा महिने खपून एक सरप्राइज केलं होतं. एकसष्टपैकी चौपन्न सिनेमे त्याने कुठून कुठून मिळवले होते आणि त्यांतून आजोबा तेवढे कापून काढून एकापुढे एक जोडले होते. सगळं मिळून चौतीस मिनिटं.

“नो बोरिंग पार्ट्स,” तो म्हणाला. “ओन्ली आजोबा.”

सुरुवातीला धमाल आली. लामा झालेले आप्पा पाहून ताईला हसू आवरेना. पुढे मरणं सुरू झाली आणि विनय मोठ्याने मोजू लागला. अकराव्या मरणाला आप्पा उंटावरून पडले तेव्हा रूपालीने टाळ्या वाजवल्या. पण पंधरा-वीस मिनिटं झाली तसा आवाज कमी होत गेला. कारण मरणं संपली आणि दारं सुरू झाली. आप्पा दार उघडताहेत. आप्पा ट्रे घेऊन आत येताहेत. वाकताहेत. ‘यस, मास्टर’ म्हणताहेत. पुन्हा दार, पुन्हा ट्रे, फेटा निराळा. एकामागून एक कापून जोडल्यावर ते असं दिसत होतं की हा माणूस सत्तावीस वर्षं न थांबता वाकतोच आहे.

मग कारंज्याचा सिनेमा आला. त्यात हिरो पार्टीत नोकराला धक्का देतो आणि नोकर ट्रेसकट कारंज्यात पडतो. सात सेकंदांचं दृश्य. राजेशने तो लगेच ओळखला. नऊ वर्षांचा असताना हाच सिनेमा एका शनिवारी टीव्हीवर लागला होता, आणि सोमवारी वर्गातली मुलं त्याच्यासमोर हात जोडून वाकत होती. यस, मास्टर. वर्षभर वाकत होती. त्या सोमवारी रात्रीच त्याने घरी सांगून टाकलं की आप्पांनी शाळेत यायचं नाही. आप्पा बरं म्हणाले आणि खरोखरच कधी आले नाहीत. त्याचं मेडिकलचं ग्रॅज्युएशन झालं, तेव्हाही ते बाहेर गाडीत बसून राहिले होते.

रील संपलं. रूपाली आपली नखं बघत होती. विनय अठ्ठावीसच्या पुढे मोजायचा थांबलेला होता. यशचा चेहरा पडला होता. आपलं काहीतरी चुकलं हे त्याला दिसत होतं, काय ते कळत नव्हतं.

“कष्ट फार घेतलेस रे,” आप्पा म्हणाले. “पण यात मी केलेलं काम कुठेच नाही.”

“बट इट्स ऑल यू, आजोबा. एव्हरी सिंगल सेकंड.”

“मी आत आलो, वाकलो, मेलो, एवढंच ठेवलंस. समोरचा माणूस बोलत होता तो भाग काढून टाकलास. माझं काम तेव्हाच तर असायचं.”

“यू वेअरन्ट टॉकिंग देन.”

“नव्हतो. ऐकत होतो.” आप्पांनी संत्र्याची फोड त्याच्या हातावर ठेवली. “हिरो कॅमेऱ्यात बघून थापा मारत असतो. ऐकणाऱ्याने मनापासून ऐकलं तर लोकांना त्या खऱ्या वाटतात. आम्हाला बोलवायचे ते त्यासाठी. फेटा काय, कुणाच्याही डोक्यावर बसतो.”

एवढं बोलून ते उठले आणि जरा पडतो म्हणून आपल्या खोलीत गेले. यश बिचारा फोड हातात घेऊन तसाच उभा. राजेशला भाच्याची दया आली. सहा महिने राबून पोराने आजोबांचं सगळं काम शोधून काढलं, आणि नेमकं तेच कापून टाकलं होतं. पण त्याहून जास्त राजेशला स्वतःचा राग आला. कारण आपणही आयुष्यभर आप्पांचा हाच सिनेमा पाहत आलो, हे त्याला सोफ्यावर बसल्या बसल्या कळलं होतं.

तो मागच्या अंगणात गेला. नोव्हेंबरातलं ऊन तिथे अगदी अंगाला लावून घ्यावं असं होतं. लिंबाच्या झाडाखाली खुर्च्या मांडलेल्या होत्या. ताई पाठोपाठ आलीच. ती त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, आणि भावाशी महत्त्वाचं बोलायचं असलं की हातात काहीतरी काम घेऊन यायची तिची सवय. आत्ता तिच्या हातात लिंबं तोडायची कात्री होती.

“ठरवलंस?” तिने विचारलं.

“ताई, आय ॲम नॉट द व्हिलन हिअर. त्यांचं एक लंग अजून क्लीअर नाहीये. तिकडे स्नो असणार.”

“ते मला माहितीये. डॉक्टर म्हणून तू बरोबरच आहेस.” तिने एक लिंबू तोडलं. “मी दुसरंच सांगायला आले. आप्पांनी सिनेमा का सोडला असं तुला वाटतं?”

राजेश म्हणाला, यात वाटायचं काय? काम मिळेनासं झालं. एक्याऐंशी साली त्यांच्यासारख्यांना कोण विचारत होतं? म्हणून तर वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर म्हणून लागले, साड्यांखालची डिग्री बाहेर काढून.

ताईने आणखी एक लिंबू तोडलं. मग तिने सांगितलं, आणि एकदाही त्याच्याकडे न बघता सांगितलं. राजेश सतरा वर्षांचा होता. कॉलेजचे फॉर्म भरून त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले होते. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात त्याने इंजिनिअर असं लिहिलं होतं. आप्पा चहा प्यायला बसले आणि त्यांनी ते वाचलं. रागावले नाहीत, कुणाला काही बोललेही नाहीत. पुढच्याच आठवड्यात फोन आला. तो ताईनेच उचलला होता. एका कोर्टाच्या सिनेमात जजचं काम होतं. नऊ आठवड्यांचं, सिनेमाभर असलेलं, आणि नाव पहिल्या चारात. असा फोन यावा म्हणून माणसं जन्मभर वाट बघतात. आप्पा म्हणाले, थँक यू, मी आता इंजिनिअरची नोकरी धरतोय. तेव्हा त्यांच्याकडे नोकरी नव्हती. ती दोन महिन्यांनी मिळाली.

“तू कागदावर लिहिलंस आणि त्यांनी केलं,” ताई म्हणाली. “आयुष्यभर तेच तर करत आले होते. लिहून येईल ते करायचं.”

“मला कुणी सांगितलं का नाही?”

“आईने सांगू दिलं नाही. म्हणाली, पोराच्या डोक्यावर ओझं नको. आता ती नाही, आणि माझ्याच्याने हे एकटीने ठेववत नाही.”

राजेश खुर्चीत बसला. त्याला लाज वाटली, साधी, सरळ, लहान मुलाला वाटते तशी. आप्पा सतरा वर्षं रोज सकाळी सात वाजता डबा घेऊन पाण्याच्या खात्यात जायचे. तेव्हा त्याला वाटायचं, सुटले बिचारे एकदाचे. आणि रस्त्यात कुणी ओळखलं नाही की त्याला बरं वाटायचं. ताईने चार लिंबं त्याच्या मांडीवर ठेवली आणि ती आत गेली. थोड्या वेळाने तो उठला आणि आप्पांच्या खोलीत गेला.

आप्पा झोपले नव्हते. खिडकीपाशी खुर्चीत स्वेटर घालून बसले होते आणि मांडीवर इशिताने पाठवलेला एक कागद होता. राजेश समोर पलंगावर टेकला. पाठ केलेलं सगळं त्याला आठवत होतं, पेसमेकर, फुप्फुस, थंडी. त्यातलं काही खोटंही नव्हतं. तो म्हणाला, “आप्पा, मेडिकली स्पीकिंग…” आणि थांबला.

“नाही म्हणायला आलायस ना,” आप्पा म्हणाले. “म्हण. मला वाईट वाटेल, पण मी तुझ्यावर रागावणार नाही.”

“आधी सांगा, मलाच का विचारताय? यू नेव्हर आस्क मी एनिथिंग.”

आप्पांनी स्वेटरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “मागे एकदा तुला न विचारता ठरवलं होतं. तुझ्यासाठीच ठरवलं होतं. पण तुला ते आवडलं की नाही, ते मला कधी कळलंच नाही.”

चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं उत्तर असं एका दमात कुठून आणायचं? काहीतरी करायचं म्हणून राजेशने कागदाकडे हात केला. आप्पांनी दिला. देता देता म्हणाले, त्यात सिनेमातल्या मुलाचं बोलणं आहे, माझं काही नाही. पूर्वी समोरच्याची वाक्यं तुझी आई वाचून दाखवायची. भाजी चिरता चिरता राणीपासून शेरीफपर्यंत सगळी तिनेच वाचली. त्याशिवाय मला काम बसत नाही.

कागदावर मराठीच होती, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, कारण इशिताही इथेच वाढलेली. राजेशला देवनागरी वाचता येत नव्हती, त्यामुळे त्याला ती सोयीचीच झाली. घसा साफ करून तो वाचू लागला. पहिल्यांदा त्याचं वाचणं लॅब रिपोर्ट वाचावा तसं होतं.

“बाबा, टीव्ही जरा बंद करता? मला बोलायचंय. नाशिकचा फ्लॅट मी विकून टाकला. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही.”

त्याने वर पाहिलं. आप्पा ऐकत होते. फारसं काहीच करत नव्हते. मान हलवत नव्हते, डोळे बारीक करत नव्हते. फक्त त्या वाक्यापूर्वीचे आप्पा आणि नंतरचे आप्पा वेगळे होते. साठ वर्षांत राजेश जे जे बोलला त्यातलं काहीच या माणसाच्या कानाआड गेलं नसणार, असं त्याला वाटून गेलं आणि तो पुढे वाचू लागला.

“मला तुमचं हो नको होतं, बाबा. तुम्ही एकदा तरी माझ्याशी भांडायला हवं होतं.”

एवढंच होतं. कागदाच्या खाली इशिताने लिहिलं होतं, बाबा ऐकत राहतात. राजेशने कागद पलंगावर ठेवला आणि तो बोलतच राहिला.

“मी शाळेत येऊ नका म्हटलं, आणि तुम्ही आलाच नाहीत. मी नऊ वर्षांचा होतो, आप्पा. तुम्ही मला एक थोबाडीत द्यायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत यायचं. फॉर्म फाडून टाकायचा. तुम्ही का नाही फाडलात? मी खोटं लिहिलं होतं.” मग त्याच्या लक्षात आलं. “सॉरी. हे कागदावर नाहीये.”

“कळलं मला,” आप्पा म्हणाले. “तू बोल. मला इथे वाक्य नाही.”

खोलीचं दार तासाभराने उघडलं. बाहेर सगळे चहाचे कप घेऊन आपण कशाचीच वाट बघत नाही आहोत अशा थाटात बसले होते. राजेशचे डोळे लाल झाले होते, आणि या वेळी त्याचं खापर सावजी मटणावर फोडण्याची सोय नव्हती. काय ठरलं हे त्याला कुणी विचारलं नाही. ताईने चहा ओतून त्याच्या हातात दिला. तो उभ्याउभ्याच प्यायला.

“विनयराव, तुम्ही होतात ना ओहायोत दोन वर्षं?” त्याने विचारलं. “जानेवारीत थंडी किती असते?”

“मरणाची,” विनय म्हणाला.

“मग दोन जाड कोट घ्यावे लागतील,” राजेश म्हणाला. “टेक्ससमध्ये राहून माझ्याकडेही एक नाही.”